लाईन शंभरची, मग कॉल का अडखळतो?

गेल्या दिवाळीत कॅनडातल्या बहिणीशी व्हिडिओ कॉल चालू होता. आई तिला करंज्या दाखवत होती आणि मध्येच चित्र थिजलं. बहिणीचं तोंड अर्धवट उघडं, आवाज विहिरीतून आल्यासारखा. तीनदा लावला, तीनदा तेच. वैतागून ठेवून दिला. अर्ध्या तासाने स्पीड टेस्ट केली तर ९४ एमबीपीएस! प्लॅन १०० चा, म्हणजे तक्रारीला जागाच नाही. हेल्पलाईनवरचा मुलगा म्हणाला, "सर, लाईन तर एकदम क्लिअर दिसतेय." तो खोटं बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. त्याच वेळी भाचा आतल्या खोलीत बसून लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवत होता.

वेग भरपूर आहे आणि तरी खोळंबा होतो, हे कोडं आपल्याला नवं वाटतं. गणितज्ञांना ते शंभराहून जास्त वर्षं माहीत आहे. ज्याने कधी गिरणीत दळणाचा डबा ठेवून वाट पाहिली आहे, त्याला ते समजायला काहीच अडचण नाही.

## आधी डबा म्हणजे काय ते बघू

जुन्या ट्रंककॉलमध्ये पुण्यापासून नागपूरपर्यंतची एक लाईन तुमच्यासाठी राखून ठेवलेली असायची. दोघं गप्प बसले तरी लाईन अडलेलीच. मंत्र्यांचा ताफा जायचा म्हणून अख्खा रस्ता मोकळा ठेवतात, तशातला प्रकार.

१९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे एकच गोष्ट सुचली: रस्ता कुणासाठीच राखू नका. संदेशाचे छोटे तुकडे करा, प्रत्येकावर पत्ता लिहा आणि सगळ्यांचे तुकडे त्याच रस्त्यावर सोडा. डेव्हिस यांनी या तुकड्याला 'पॅकेट' हे नाव दिलं. आजचं भरलेलं पॅकेट साधारण १,५०० बाईटचं असतं. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर राउटर नावाचं यंत्र असतं. ते आलेलं पॅकेट घेतं, पत्ता वाचतं आणि पुढच्या लाईनीवर ढकलतं. लाईन गुंतलेली असेल तर पॅकेट थांबतं. थांबायच्या जागेला बफर म्हणतात. आपल्या भाषेत, गिरणीचा ओटा.

पॅकेटचा वेळ तीन ठिकाणी जातो. पहिला प्रवासात. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ रेषेत अंदाजे ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद तरी लागणारच. कुठलाही महागडा प्लॅन यातला एक मिलिसेकंद कमी करू शकत नाही. दुसरा वेळ ढकलण्यात जातो. १० एमबीपीएसच्या लाईनीवर एक भरलेलं पॅकेट चढवायला १.२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे जवळपास काहीच नाही.

तिसरा वेळ रांगेतला. पहिले दोन वेळ ठरलेले असतात. रांग मात्र कधी शून्य असते, कधी सेकंदभराची. दिवाळीच्या त्या संध्याकाळी आमचा घात तिनेच केला.

## तासाला दहा डबे दळणारी गिरणी

आमच्या गल्लीतली गिरणी घ्या. एका डब्याला सरासरी सहा मिनिटं, म्हणजे तासाला दहा डबे निघतात. आता बाजार समितीत म्हणतात तशी आवक बघू. तासाला पाच डबे आले तर गिरणी निम्मा वेळ रिकामी. आठ आले तरी दोन डब्यांची जागा शिल्लक. नऊ आले तरी क्षमतेच्या आतच. मग रांग लागायचं कारण काय?

कारण लोक घड्याळ लावून येत नाहीत. दहा मिनिटं कुणीच येत नाही आणि मग तिघं एकदम उगवतात. त्यात कुणाचा दोन किलो गहू, तर कुणाची लग्नघरची भाजणी. कळीचा मुद्दा हा, की मघाची रिकामी गेलेली दहा मिनिटं गिरणीला साठवून ठेवता येत नाहीत. रिकामा वेळ वाया जातो, गर्दी मात्र साठत राहते. रांगेचं सगळं गणित या एका विषमतेवर उभं आहे.

येणं आणि दळणं दोन्ही असं बेभरवशाचं धरलं, तर डबा ठेवल्यापासून पीठ हातात पडेपर्यंतचा सरासरी वेळ काढायचं सूत्र आश्चर्य वाटावं इतकं सोपं आहे: १ भागिले (क्षमता वजा आवक). तासाला पाच डबे आले तर १ भागिले ५, म्हणजे १२ मिनिटं. आठ आले तर अर्धा तास. नऊ आले तर एक तास. साडेनऊला दोन तास. आणि ९.९ ला? दहा तास!

हे आकडे पुन्हा एकदा बघा. पाचावरून आठावर जाताना, म्हणजे तीन डबे वाढले तेव्हा, १८ मिनिटं वाढली. नवावरून साडेनवावर, म्हणजे अर्धाच डबा वाढला, तेव्हा तास वाढला. गिरणी तीच, मोटर तीच. कमी झाली ती फक्त मोकळी जागा. राउटरचंही डिट्टो असंच. लाईन ५० टक्के भरलेली असताना पॅकेटला जितका वेळ लागतो, त्याच्या पाचपट वेळ ती ९० टक्के भरल्यावर लागतो. ९५ टक्क्यांवर दहापट. 'अजून पाच टक्के शिल्लक आहेत की' असं म्हणणाऱ्या मॅनेजरला हे कोष्टक भिंतीवर लावून द्यावं असं मला फार वाटतं.

भारतात ते एका अर्थाने लावलेलं आहे. दूरसंचार नियामक ट्रायने २००६ मध्ये ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले. त्यांत गर्दीच्या वेळीसुद्धा कंपनीच्या लाईनी ८० टक्क्यांहून कमी भरलेल्या असाव्यात, अशी अट होती. ९० टक्क्यांच्या वर गेल्या तर ती कोंडी मानायची आणि महिन्याच्या आत क्षमता वाढवायची. ८० आणि ९० हे आकडे हवेतून आलेले नाहीत. आपल्या सूत्राचा आलेख तिथूनच भिंतीसारखा उभा चढायला लागतो.

## सरासरीचं काय घेऊन बसलात?

रास्त शंका आहे. सरासरी तास म्हणजे कुणी वीस मिनिटांत सुटला आणि कुणी अडकला. याच नमुन्यात हिशेब केला तर सरासरी तास असताना वीसातल्या एका डब्याला तीन तासांच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. पिक्चर डाउनलोड करताना ते चालून जातं, कारण शेवटी सगळं पोचलं की झालं. कॉलमध्ये चालत नाही. तिथे उशिरा आलेलं पॅकेट म्हणजे वरात निघून गेल्यावर आलेला बँडवाला. त्याला परत पाठवतात, आणि आपल्याला आवाज तुटल्यासारखा ऐकू येतो.

यातून पॅकेट लहान का ठेवतात तेही कळतं. फेलिक्स पोलाचेक आणि अलेक्झांडर खिंचिन यांनी १९३० च्या सुमारास दाखवलं की रांग नुसत्या सरासरी दळणावर ठरत नाही, दळणं किती कमीजास्त आहेत त्यावरही ठरते. आपल्या नऊ डब्यांच्या गिरणीत रांगेतली सरासरी वाट ५४ मिनिटं आहे. सगळे डबे अगदी एकाच मापाचे केले तर आवक तीच राहूनही ती २७ वर येते. म्हणून चार जीबीचा पिक्चरसुद्धा १,५०० बाईटच्या तुकड्यांतच जातो. नाहीतर त्याच्या मागे अडकलेल्या 'हॅलो'चं काही खरं नव्हतं.

## फोनच्या हिशेबातून आलेलं शास्त्र

या गणिताची सुरुवात कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत झाली. आग्नेर एर्लांग या डॅनिश गणितज्ञापुढे प्रश्न होता, की अमुक इतके फोन येत असतील तर लाईनी किती टाकायच्या? १९०९ मध्ये त्याने पहिला लेख लिहिला. टेलिफोनचा भार आजही 'एर्लांग' या एककात मोजतात.

पॅकेटच्या जाळ्याला हे गणित लावण्याचं मोठं काम लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या पीएचडीत केलं. तेव्हा असं जाळं अस्तित्वातच नव्हतं! पुढे १९६९ मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटचं पहिलं केंद्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत सुरू झालं. लाईनी ५० केबीपीएसच्या होत्या. आजचं एक भरलेलं पॅकेट त्यावर चढायला जवळजवळ पाव सेकंद लागला असता.

त्यांच्यापुढची अडचण अशी होती. एका गिरणीचं सूत्र सोपं आहे, पण पॅकेट दहा राउटरमधून जातं आणि सगळीकडे त्याचं माप तेच राहतं. मोठं पॅकेट प्रत्येक ठिकाणी जास्त वेळ खातं आणि त्याच्या मागची पॅकेटं सगळीकडे त्याला चिकटून चालतात. असा एकमेकांत गुंतलेला हिशेब सुटेना. मग त्यांनी सरळ मानून टाकलं की प्रत्येक नाक्यावर पॅकेटला नवं माप मिळतं. म्हणजे डब्यात इथे गहू दोन किलो आणि पुढच्या गिरणीत आपोआप पाच! उघड उघड खोटं आहे हे. पण जिथे अनेक प्रवाह एकमेकांत मिसळतात, तिथे उत्तर बरोबर येण्याइतपत हे खोटं चालतं. मला स्वतःला या विषयातली ही सगळ्यात देखणी लबाडी वाटते.

राखीव लाईनीपेक्षा सामाईक लाईन का चांगली, याचं उत्तरही याच सूत्रात आहे. शेजारी शेजारी दोन गिरण्या आहेत, दोघी तासाला दहा डब्यांच्या, दोघींकडे आवक नऊची. दोन्हीकडे सरासरी तास लागतो. आता त्या मोडून दुप्पट वेगाची एकच गिरणी काढा: क्षमता वीस, आवक अठरा. १ भागिले २, म्हणजे अर्धा तास. भाराचं प्रमाण तेच, खर्चही फारसा वेगळा नाही, आणि वेळ निम्मा. एक गिरणी रिकामी आणि दुसरीत रांग, ही वेळच येत नाही. घरोघरी वेगळी तार थेट अमेरिकेपर्यंत न नेता सगळे एकाच जाड तारेवर का बसतात, ते यावरून कळावं.

## "पण लोक असे सुटे सुटे थोडेच येतात?"

नाही येत. या आक्षेपाने गणितवाल्यांना खरंच घाम फोडला. वरच्या सूत्रात गृहीत धरलं आहे की प्रत्येक जण आपापल्या मर्जीने येतो, दुसऱ्याशी त्याचा संबंध नाही. टेलिफोनला हे छान लागू पडलं. असे हजारो फोन एकत्र केले की चढउतार एकमेकांना झाकतात आणि तासाभराचं चित्र बरंच सपाट दिसतं.

१९८९ पासून अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेत संगणकांच्या जाळ्यावरची खरी वाहतूक बारकाईने मोजली गेली. विल लेलंड आणि सहकाऱ्यांनी त्या मोजमापांवरचा निष्कर्ष १९९३-९४ मध्ये मांडला. चित्र सपाट होतच नव्हतं. सेकंदाच्या मापाने बघा, उंचवटे आणि खड्डे. मिनिटाच्या मापाने बघा, तसेच उंचवटे आणि खड्डे. कोकणचा किनारा राज्याच्या नकाशात बघा की एकाच तालुक्याच्या, तो तितकाच वाकडातिकडा दिसतो, तसं. संगणक बोलतात तेच मुळी झटक्याझटक्याने. बराच वेळ शांत, मग एकदम धबाबा.

याचा अर्थ जुनं सूत्र कचऱ्यात टाकायचं असा नाही. ते फार आशावादी आहे, असा आहे. खरी रांग त्या हिशेबापेक्षा लवकर आणि जास्त लांब लागते. गिरणीवाल्याला विचारा. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात वर्षाची सरासरी काय कामाची?

एक नियम मात्र असल्या वादळातही टिकतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. गिरणीत एकूण असलेले डबे म्हणजे आवक गुणिले प्रत्येकाचा सरासरी वेळ. तासाला नऊ डबे, प्रत्येकाला तास, म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी नऊ डबे आत. कोण कसं येतं, कुणाला आधी घेतात, कशाचीच पर्वा नाही. लंडनपर्यंतच्या ७२ मिलिसेकंदांच्या फेरीत १०० एमबीपीएसची लाईन भरलेली ठेवायची तर पोच न मिळालेली ६०० पॅकेटं वाटेत असावी लागतात. पूर्वी एका वेळी ६४ केबीच्या आसपासच पाठवता यायचं. तेव्हा लाईन कितीही जाड घेतली तरी एका जोडणीला या अंतरावर ७ एमबीपीएसच्या जरा वरच काटा थांबायचा.

## रांग वाढली की माणसं शहाणी होतात की वेडी?

गिरणीचं सूत्र एक गोष्ट धरून चालतं: रांग किती आहे यावर येणाऱ्याचं वागणं अवलंबून नाही. इंटरनेटवर ते अवलंबून असतं. पाठवलेल्या पॅकेटची पोच वेळेत आली नाही तर ते हरवलं असं समजून संगणक पुन्हा पाठवतो. डबा अजून आला नाही म्हणून घरून त्याच दळणाचा दुसरा डबा पाठवावा, तसं. सगळ्यांनीच असं केलं तर?

तेच झालं, ऑक्टोबर १९८६ मध्ये. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. चाळीस! लाईन रिकामी नव्हती, ती दुसऱ्या-तिसऱ्यांदा पाठवलेल्या पॅकेटांनीच भरलेली होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावर तोडगा मांडला. हळूहळू वेग वाढवत जा, पॅकेट हरवलं की निम्म्यावर या. १९८९ मध्ये दा-मिंग चिउ आणि राज जैन यांनी गणिताने दाखवलं, की सगळ्यांनी 'थोडं थोडं वाढवा, एकदम पटीत कमी करा' हे पाळलं तर लाईनीची वाटणी हळूहळू न्याय्य होत जाते. वर बसून वाटणी करणारा कुणी लागत नाही.

## "मग ओटाच मोठा बांधा की!"

हा सल्ला इतका समजूतदार वाटतो, की राउटर बनवणाऱ्यांनी तो मनावर घेतला. मेमरी स्वस्त झाली, बफर फुगत गेले. पॅकेट टाकून देण्यापेक्षा ठेवून घेणं बरं, नाही का?

आता मागचा परिच्छेद आठवा. पाठवणारा वेग कधी कमी करतो? पॅकेट हरवलं तरच. अवाढव्य ओट्यावर काही हरवतच नाही. त्यामुळे पाठवणाऱ्याला वाटतं सगळं आलबेल आहे, आणि तो डबे पाठवतच राहतो. आमच्या घरचा हिशेब करू. येण्याचा वेग १००, पण बाहेर जाण्याचा १०. कंपनीने बैठकीत बसवलेल्या डबड्याचा ओटा १० लाख बाईटचा धरा, म्हणजे ८० लाख बिट. सेकंदाला १ कोटी बिट जाणाऱ्या लाईनीवर तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतो. भाच्याच्या व्हिडिओंनी ओटा काठोकाठ भरला, आणि आईचं प्रत्येक वाक्य त्या ढिगाच्या शेवटी जाऊन बसलं. कॅनडा दूर आहे म्हणून नव्हे, बैठकीतलं कंपनीचं डबडं ओलांडायलाच पाऊण सेकंदाहून जास्त लागत होता. स्पीड टेस्ट केली तेव्हा भाच्याचं काम संपलं होतं, ओटा रिकामा.

जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या रोगाला 'बफरब्लोट' असं नाव दिलं. बफर फुगणे. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी उपाय काढला. ओट्यावर किती डबे आहेत ते मोजू नका, डबा किती वेळ पडून आहे ते मोजा. १०० मिलिसेकंदभर एकही पॅकेट ५ मिलिसेकंदांच्या आत सुटलं नाही, तर मुद्दाम पॅकेट टाकून द्यायला लागा, म्हणजे पाठवणारा सावध होईल. नुकसान करून सेवा सुधारायची, हे पचायला जरा जड जातं खरं.

## कॉलला पुढे का घेत नाहीत?

घेता येतं. पण रांगेच्या गणितात इथे एक कडक नियम आहे, तोही क्लाइनरॉक यांचाच. गिरणी रिकामी बसत नसेल तर कुणाला पुढे घेतल्याने एकूण वाट नाहीशी होत नाही. ती फक्त एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. कॉलची पॅकेटं छोटी आणि थोडी, म्हणून ती पुढे घेतली तर डाउनलोडवाल्याला पत्ताही लागत नाही. हेच एखाद्या मोठ्या व्हिडिओ कंपनीने पैसे मोजून पुढचा नंबर घेतला तर मागच्यांना तो चांगलाच जाणवतो.

नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांच्या मजकुराला सारखीच वागणूक द्यावी की नाही या भांडणातला एक मोठा धागा हाच. ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगवेगळे दर लावायला बंदी केली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने समान वागणुकीची तत्त्वं स्वीकारली. कुणाला पुढे घ्यावं हे गणित ठरवत नाही. पण 'कुणाचंही नुकसान न करता आम्ही यांना जलद सेवा देऊ' असं भरलेल्या लाईनीबद्दल कुणी म्हणालं, तर ते वाक्य गणितात बसत नाही, एवढं नक्की सांगता येतं.

आम्ही घरी काय केलं? राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन बाहेर जाणारा वेग १० ऐवजी साडेआठवर बांधला आणि निकोल्स-जेकबसन यांच्या उपायाचा पर्याय चालू केला. दीड एमबीपीएस मुद्दाम सोडून दिले. त्यामुळे रांग कंपनीच्या डबड्यात न लागता आमच्या राउटरमध्ये लागते, जिथे आमचं चालतं. भाचा आता खुशाल व्हिडिओ चढवतो. तरी बहिणीचा फोन वाजला की आई आधी आतल्या खोलीकडे बघून विचारते, "कुणाचं दळण चालू नाही ना रे?"